डबाभर सोल्डर: वितळवलं, निवळलं, उरलेलं मार्गी लावलं

नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात मी स्टेन्ड ग्लासच्या, म्हणजे रंगीत काचांच्या कामातून घरात साठलेलं सोल्डर (वितळवून सांधे जोडायचा कथील-शिशाचा मिश्रधातू) साफ करून परत वापरात आणलं आणि त्यातून निघालेली मळी घराबाहेर काढली. पहिलं काम सोपं निघालं, दुसऱ्याने घाम फोडला. याविषयी जे वाचायला मिळतं ते बहुतेक परदेशातलं, स्वतंत्र गॅरेज आणि मागे अंगण असलेल्या लोकांचं. आपल्याकडे सोसायटीची गच्ची असते, शेजारी पापड वाळत घातलेले असतात आणि ‘हे कुठे टाकायचं’ या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नसतं. म्हणून जरा पाल्हाळ लावून लिहितेय.

ज्यांना स्टेन्ड ग्लासची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काचेचे तुकडे कापायचे, प्रत्येकाच्या कडेला तांब्याची चिकटपट्टी म्हणजे कॉपर फॉईल लावायची, तुकडे जुळवून मांडायचे, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून धातू साफ करणारं रसायन) लावायचा आणि सांध्यांवरून सोल्डर वितळवत न्यायचं. याला टिफनी पद्धत म्हणतात. चर्चच्या मोठ्या खिडक्यांमध्ये फॉईलऐवजी शिशाच्या खाचेच्या पट्ट्या असतात, सोल्डर फक्त जोडांवर. आमच्या पद्धतीत सोल्डर भरपूर लागतं आणि सांडतंही भरपूर. कडेवरून ओघळतं, फटीतून खाली गळतं, स्पंजवर सोल्डरिंग आयर्नचं टोक पुसताना उडतं. मी हे सगळं वर्षानुवर्षं एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत आले. डबा उचलायला मनगट दुखायला लागलं, तेव्हा वजन केलं: २ किलो ३५० ग्रॅम.

आमच्याकडे चालतं ते ६०/४०, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. महाग असतं ते कथील. मी शेवटचं अर्ध्या किलोचं रीळ १,३५० रुपयांना घेतलं होतं. त्या हिशेबाने डब्यात पाच-सहा हजारांचा ऐवज होता. पण खरं सांगायचं तर पैशांपेक्षा दुसरं कारण मोठं होतं. लेक उन्हाळ्यात दीड वर्षांच्या नातवाला घेऊन राहायला येणार होती. रांगणारं-चालणारं पोर आणि शिशाचा उघडा डबा एका घरात नको, एवढं कळत होतं.

पहिली गोष्ट केली ती रक्ततपासणी. वितळवायला घेण्याआधी आपल्या अंगात किती शिसं आहे ते माहीत असावं, नाहीतर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. ‘ब्लड लेड’ म्हणून तपासणी असते, मला १,४०० रुपये पडले. उपाशी जावं लागत नाही. जवळच्या केंद्रावरच्या मुलीला कुठली नळी वापरायची ते ठाऊक नव्हतं, तिने तीन फोन केले. तुम्ही जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून ‘ट्रेस एलिमेंटची नळी आहे का’ असं विचारून जा आणि दंड साबणाने धुऊन जा, कारण कातडीवरची धूळही नमुन्यात उतरू शकते. रिपोर्ट आठवड्याने आला: ४.६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगून ठेवलंय की ५ किंवा त्याच्या वर आकडा असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. सुरक्षित अशी पातळी मात्र कुठलीच नाही. ५ च्या आत होते, पण उंबऱ्यावरच. त्या रात्री झोप नीट लागली नाही. आमच्या डॉक्टरांनी घाबरवलं नाही. म्हणाले, ‘टेबलापाशी चहा बंद करा, आणि लोह-कॅल्शियम नीट घ्या. ते कमी असलं की शरीर शिसं जास्त शोषतं.’

इथे एक गैरसमज काढून टाकते, कारण मीही तो बाळगून होते. सोल्डरिंगचा जो धूर दिसतो तो फ्लक्सचा. शिशाची वाफ या तापमानाला नगण्य असते. ती चिंता पाचशे अंशांकडे जायला लागलं की सुरू होते आणि आपलं हे वितळवण्याचं काम अडीचशेच्या आत होतं. फ्लक्सचा धूर छातीला वाईटच, पण शिसं पोटात जातं ते मुख्यतः हातावरून, तोंडावाटे. त्यामुळे धोक्याचा मान वितळलेल्या रसापेक्षा राखाडी भुकटीला द्यायचा.

२० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. सकाळी मत देऊन आले आणि गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून डबा निवडायला बसले. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं खरं काम हेच. वितळवणं म्हणजे नुसती उष्णता; काय वितळवायचं नाही हे ठरवणं म्हणजे अक्कल. एकदा भलतंसलतं भांड्यात गेलं की ते घरच्या साधनांनी वेगळं होत नाही.

चार ढीग केले. पहिला, टेबलावर गळलेले स्वच्छ, चकचकीत थेंब. ते ६०/४० आहेत याची खात्री, कारण मी तेच वापरते. भरले १ किलो ४८० ग्रॅम. दुसरा, पटिना लागलेले तुकडे. सोल्डरची रेघ तांबूस करायला मोरचुदाचं पाणी लावतात, काळी करायला जे द्रावण मिळतं त्यात पुष्कळदा सेलेनियमचं संयुग असतं. ते तापवून नाकात घेण्याची वस्तू नाही. हे ४०० ग्रॅम बाजूला. तिसरा, दागिन्यांसाठी वापरलेलं बिनशिशाचं सोल्डर, १७० ग्रॅम. ते वितळतंच २१७ ते २२७ च्या दरम्यान आणि शिशाचा अंश लागला की ‘बिनशिशाचं’ हे त्याचं एकमेव मोल संपलं. चौथा ढीग संशयितांचा: जुनी तावदानं सोडवताना निघालेलं, जस्ताच्या फ्रेमला लागलेलं, कुणीतरी दिलेलं. ३०० ग्रॅम. जस्त फार वाईट, जरासं मिसळलं तरी सोल्डर जाड, रवाळ होतं आणि ओघळायला तयार होत नाही. गंधक टाकून जस्त काढायची जुनी पद्धत आहे, पण त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. वस्तीत हा उद्योग करू नये.

पहिल्या ढिगात फॉईलच्या कातरणी होत्या, त्या चिमट्याने वेचल्या. हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. कथील तांब्याला हळूहळू खातं; त्याचं काय होतं ते पुढे येईलच.

मग धुणं. थेंबांवर फ्लक्स वाळून चिकट थर झालेला असतो. माझ्या फ्लक्समध्ये झिंक क्लोराईड आहे, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून थेंब त्यात भिजवले, जुन्या टूथब्रशने हलवले, पाणी बदलून खळबळले. पाणी दुधाळ होतं, ते जस्ताचं कार्बोनेट. हे पाणी मोरीत ओतायचं नाही, कुंड्यांना तर मुळीच नाही. मी एका पसरट घमेल्यात गच्चीच्या कोपऱ्यात, वर जाळी घालून आटवलं आणि तळाचा खर खरवडून डब्यात भरला. थेंब तीन-चार दिवस उन्हात, शिवाय वितळवायच्या आधी भांड्याच्या काठावर तापत ठेवले. एवढी काळजी का? तापलेल्या रसाखाली पाण्याचा थेंब सापडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळून अंगावर येतो. पावसाळ्यात हे काम काढू नये असं मला वाटतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

१ डिसेंबरच्या आठवड्यात पुण्याच्या तपकीर गल्लीत गेले. तिथे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे ‘सोल्डर पॉट’ म्हणून विजेवरचं छोटं भांडं मिळतं, वायरींची टोकं बुडवायला वापरतात. तापमान ठरवायची चकती असलेलं २,२०० ला पडलं. शेगडीवर स्टीलची कढई ठेवूनही जमतं, पण भांडं ॲल्युमिनियमचं, तांब्या-पितळेचं किंवा जस्ताचा मुलामा असलेलं चालत नाही आणि एकदा वापरलेलं भांडं स्वयंपाकघरात परत जात नाही. पॉटच्या चकतीवर विश्वास ठेवू नका. तारेचा थर्मोकपल (टोकाशी तापमान मोजणारी तार) लावता येणारा मल्टिमीटर घ्या, माझा ६५० चा आहे. बंदुकीसारखा लांबून तापमान सांगणारा थर्मामीटर इथे निरुपयोगी: चकचकीत धातूवर तो भलताच कमी आकडा दाखवतो. याशिवाय चष्मा, चामड्याचे हातमोजे, बंद बूट, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा (नायलॉन अंगाला वितळून चिकटतं) आणि बारीक धूळ अडवणारा फिल्टरचा मास्क. कापडी मास्क शोभेपुरता.

सेक्रेटरींना आधी विचारलं. ‘भट्टी’ हा शब्द मी चुकूनही काढला नाही, विजेवरचं वाटीएवढं भांडं आहे असं म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यांनी दोन अटी घातल्या: सकाळी नऊच्या आत आणि पाण्याच्या टाक्यांपासून लांब. दोन्ही रास्त.

पहिल्यांदा अगदी थोडा माल घेतला. १८३ अंशांना थेंबांचे कोपरे ढासळायला लागतात, १९० च्या पुढे सगळं एकजीव. मी २३० च्या आसपास ठेवलं. वर लगेच करडी साय धरते. ती काढली की खाली आरसा, आणि बघता बघता परत साय. ही साय म्हणजे नुसता कचरा नाही. त्यात ऑक्साईडच्या पापुद्र्यांमध्ये चांगला धातू अडकलेला असतो. घाईघाईने झाऱ्याने ओढून काढलं तर निम्मं सोल्डर कचऱ्यात जातं. मेणबत्तीच्या सामानाच्या दुकानात स्टिअरिक ॲसिड मिळतं, मेणाच्या चुऱ्यासारखं दिसतं, पाव किलो १२० रुपयांना मिळालं. त्याचा अगदी छोटा खडा सायीवर टाकायचा आणि स्टीलच्या जुन्या चमच्याने साय भांड्याच्या कडेला दाबत राहायची. अडकलेला धातू टपटप सुटतो, उरते कोरडी तपकिरी-करडी भुकटी. बघायला मजा येते. धूर होतो, क्वचित ज्योतही धरते. पत्र्याचं झाकण हाताशी ठेवायचं, वरून पाणी कधीही मारायचं नाही.

राळ टाकली तरी चालतं, धूर जास्त. तिसरा उपाय नवसागर. सोल्डरिंग आयर्नचं टोक साफ करायला आम्ही नवसागराची वडी वापरतोच. त्याविषयी विचारायला कसबा पेठेत तांबट आळीच्या बाजूला एका कल्हईवाल्या चाचांकडे गेले. आयुष्यभर कथील वितळवणाऱ्या माणसाइतकं यातलं कुणाला कळणार? त्यांनी माझी ओतलेली कांडी हातात घेतली, नखाने ओरखडा काढला, मग स्वतःची कथलाची कांडी माझ्या कानापाशी आणून वाकवली. करकर आवाज आला. मग माझी वाकवली. गप्प.

‘ताई, यात शिसं आहे. हे इथे विकायला आणलं असेल तर परत घेऊन जा.’

‘विकायला नाही हो चाचा, विचारायला आलेय.’

‘मग ठीक. लोक आणतात. स्वस्तात कथील म्हणून देतात. ते पातेल्याला लावलं तर लोकांच्या पोटात जाणार.’

हे मुद्दाम लिहितेय. जुनं सोल्डर हौसेने कुणा कल्हईवाल्याला किंवा मूर्तीवाल्याला देऊन टाकू नका आणि मोडीतही घालू नका. तुमच्या हातून गेलं की ते कुठल्या भांड्यात उतरेल सांगता येत नाही. नवसागराबद्दल चाचा म्हणाले की उघड्यावर, वारा पाठीमागून घेऊनच टाकायचा. पांढरा धूर घसा धरतो. मी स्टिअरिकवरच राहिले.

संक्रांतीनंतर सगळा माल घेतला. पहिल्या वितळीत एक गोष्ट खटकली होती: रस स्वच्छ दिसत होता पण गार होताना पृष्ठभागावर बारीक काड्या उमटत होत्या, बोटाला रवाळ लागत होतं. हे तांबं. कथील आणि तांब्याचं एक संयुग तयार होतं, त्याच्या सुया असतात. गरम रसात त्या विरघळलेल्या असतात, गार होताना बाहेर पडतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत मोठ्या भांड्यांमधून तांबं काढायची जी रीत आहे तीच लहान प्रमाणावर केली. रस निवळून झाल्यावर तापमान हळूहळू १९० पर्यंत खाली आणायचं, गोठू द्यायचं नाही, आणि वीसेक मिनिटं अजिबात हलवायचं नाही. या सुया शिसं-कथलाच्या रसापेक्षा किंचित हलक्या, म्हणून वर तरंगतात. बारीक भोकांचा झारा आधी तापवून घ्यायचा आणि पृष्ठभागावरून अलगद फिरवायचा. झाऱ्यावर चमचमणारी खरखरीत पेंड येते, वाळूत अभ्रक मिसळावं तशी. (बिनशिशाच्या सोल्डरला ही युक्ती लागू नाही. तो रस हलका असतो, सुया तळाला बसतात.) असं एकापेक्षा जास्त वेळा केलं, तेव्हा काड्या दिसेनाशा झाल्या.

ओतण्यासाठी फुटभर लांबीचा लोखंडी अँगल उलटा, म्हणजे खाच वर येईल असा, विटांच्या मध्ये बसवला. दोन्ही टोकांना शाडूची माती लावून ती पूर्ण वाळवली. आतून मेणबत्तीची काजळी धरली म्हणजे कांडी चिकटत नाही. अँगल आणि पळी दोन्ही आधी तापवायची, थंड लोखंडावर दंव असतं. पातळ धार धरली की लांब, निमुळत्या कांड्या पडतात. जाड कांडी हातात धरून काम करता येत नाही, म्हणून ओतताना हात आखडता घ्यायचा.

आता हे निघालं ते खरंच ६०/४० आहे का? कथील शिशापेक्षा लवकर गंजतं, त्यामुळे प्रत्येक वितळीत साय होऊन जातं ते जास्त करून कथीलच. तपासायची घरगुती रीत मला फार आवडली. भांडं बंद करायचं, थर्मोकपल रसात बुडवून ठेवायचा आणि दर दहा सेकंदांनी आकडा लिहायचा. ५०/५० असेल तर २१२ च्या सुमारास आकडा उतरायचा वेग मंदावतो, ६०/४० असेल तर १९० च्या जवळ. त्यानंतर या दोन्हींपैकी कुठलंही असो, १८३ ला आकडा येऊन थांबतो आणि सगळं गोठेपर्यंत हलत नाही. माझा वेग मंदावला १९५ च्या आसपास. म्हणजे कथील साठपेक्षा थोडं कमी उरलं होतं. १८३ वर आकडा खिळला तेव्हा वहीत तोच तोच आकडा लिहिताना मला शाळेतल्या प्रयोगशाळेनंतर पहिल्यांदाच इतका आनंद झाला.

हिशेब असा. १ किलो ४८० ग्रॅममधून १ किलो ३१० ग्रॅम कांड्या आणि सुमारे १६० ग्रॅम मळी. नव्या भावाने कांड्यांची किंमत साडेतीन हजार. पॉट, मीटर, मास्क, दोन रक्ततपासण्या धरल्या तर मी खिशातलेच घालून बसले. एकट्या माणसाने पैसे वाचवायला हे करू नये. तिघा-चौघांनी मिळून एक पॉट घेतला तर परवडतं.

कांड्या वापरून पाहिल्या. फॉईलवर पहिला पातळ हात द्यायला, मागची बाजू भरायला, फ्रेमच्या कोपऱ्यांना उत्तम. पुढच्या बाजूची गोल, गुळगुळीत रेघ मात्र मी अजून नव्या रिळानेच ओढते. कांडीची रेघ वाईट येते असं नाही, पण किंचित धुरकट गोठते आणि ते माझ्या डोळ्यांना दिसतं. गिऱ्हाइकाला दिसणार नाही कदाचित.

आता मळी. १६० ग्रॅम भुकटी, धुण्याच्या पाण्याचा खर, मास्कचे फिल्टर, पुसलेले ओले कागद. (गच्ची झाडूने झाडायची नाही, ओल्या कागदाने पुसायची आणि ते कागदही याच डब्यात.) भंगारवाल्याला विचारलं तर तो लगेच तयार, ‘शिशाची राख ना, साठ रुपये किलो.’ पुढे कुठे जाते विचारलं तर हसला. उघड्यावरच्या भट्टीत जाते, दुसरं काय.

कायद्यात याची सोय आहे. तेव्हा लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये घरगुती घातक कचरा वेगळा ठेवायचा आणि स्थानिक संस्थेने त्यासाठी संकलन केंद्रं काढायची असं म्हटलं होतं. घातक कचऱ्याचे वेगळे नियमही २०१६ चेच, त्यांत शिशाची राख आणि अवशेष परवानगी असलेल्या रीसायकलरकडेच जावेत अशी व्यवस्था आहे. प्रत्यक्षात मी एका कार्यालयात डबा दाखवला तेव्हा समोरच्या गृहस्थांनी तो ओल्या कचऱ्यात टाका म्हणून सांगितलं. दुसरीकडे लेखी अर्ज मागितला, पोचही दिली, उत्तर आलं नाही. १० फेब्रुवारीला मी प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या संकेतस्थळांवरच्या यादीतून फोन करायला सुरुवात केली. तिथे अधिकृत रीसायकलर जिल्ह्यांनुसार सापडतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच: ‘मॅडम, किती टन?’ ग्रॅम म्हटल्यावर फोन ठेवायची घाई.

तोडगा निघाला तो असा. ज्या कारखान्यांत सर्किट बोर्ड सोल्डर होतात तिथे किलोंनी मळी निघते आणि सोल्डर तयार करणाऱ्या कंपन्या ती परत विकत घेतात, कारण त्यातलं कथील त्यांना हवंच असतं. फोनवर ‘ड्रॉस’ (मळीचं इंग्रजी नाव) हा शब्द वापरल्याबरोबर बोलण्याचा सूर बदलला. ‘मळी’, ‘राख’, ‘कचरा’ म्हणत होते तोवर मी त्यांच्या लेखी गृहिणी होते. एका कंपनीने पाच किलो तरी जमवा म्हणून सांगितलं. आमच्या काचकामाच्या गटात विचारलं, तर प्रत्येकीच्या टेबलाखाली असाच डबा निघाला. दोघींनी तर दहा वर्षांचा साठा बाहेर काढला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सहा किलोंवर गेलं.

कागदपत्रं अशी लागली: साध्या कागदावर घोषणापत्र (माल कुठल्या कामातून निघाला, अंदाजे वजन, त्यात पारा आणि कॅडमियम नाही, बिनशिशाचा माल मिसळलेला नाही), आधारची प्रत आणि प्रत्येक डब्यावर ‘शिसेयुक्त सोल्डर ड्रॉस, कोरडा’ असं लेबल. डबे झाकण घट्ट बसणारे हवेत, प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही. फिल्टर आणि कागद त्यांनी आधी नाकारले, मग वेगळ्या डब्यात आणल्यावर घेतले, पण त्यांचे पैसे नाहीत. धुळवडीच्या आदल्या दिवशी गटातल्या आम्ही दोघी गाडीने जाऊन देऊन आलो. फाटकावर तासभर थांबवलं, वजन झालं, पावती मिळाली. ड्रॉसचा भाव कथलाच्या अंशावर ठरतो, तपासून नंतर कळवू म्हणाले आणि खरोखर कळवलं. पेट्रोल सुटून गटाच्या चहापुरते उरले.

त्यानंतर रक्त परत तपासलं: ३.९. एवढ्या फरकावरून फार काही म्हणता येत नाही, प्रयोगशाळेचीही कमीजास्त असते. रक्तातलं शिसं निम्मं व्हायला महिनाभर लागतो, हाडांत गेलेलं वर्षानुवर्षं राहतं. पण वाढलं नाही, आणि मला तेवढंच हवं होतं. टेबल आता बंद खोलीत आहे, चपला दारात वेगळ्या, एप्रन बाकीच्या कपड्यांत धूत नाही. हात आधी गार पाण्याने आणि साबणाने धुते.

पटिनाचा आणि संशयितांचा डबा राहिलाय. कंपनीने ते मिसळलेलं घेणार नाही म्हणून सांगितलंय. वेगळा नमुना पाठवा, पाहू. नमुना पन्नास ग्रॅमचा हवा, कुरिअरवाले ‘शिसं’ वाचून घेत नाहीत, त्यामुळे स्वतःच नेऊन द्यावा लागेल. नातू यायच्या आत. कुणाकडे असा माल असेल आणि त्या बाजूला जाणं होणार असेल तर सांगा, एकाच गाडीने जाऊ.